पोरीनं हात सोडला

अप्पा, आज मी तुमच्या एका चेल्याला भर रस्त्यात थांबवलं. सकाळची वेळ, चौथीची पोरं माझ्यामागं एका ओळीत, सगळी रस्त्याच्या उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी डोळ्यांना दिसेल अशी. दसरा दोन दिवसांवर आला तरी आपल्याकडं टँकरच चालू आहेत, तसलाच एक टँकर जोडलेला ट्रॅक्टर हॉर्न दाबत आला. पोरं सवयीनं खाली बाभळीच्या काट्यांत उतरायला लागली. मी ओरडले, "कुणी खाली उतरायचं न्हाई! हाय तिथंच थांबा." आणि एकटीच चार पावलं पुढं जाऊन हात वर केला. गाडी थांबली. वरून ड्रायव्हर म्हणतो, "बाई, येड लागलं का? उतरवा की पोरं खाली. वस्तीवर लोक हंडे मांडून बसलेत." म्हटलं, "बसू दे अजून दोन मिन्टं. तू गेर टाक आन् हळू जा." मग त्यानं मला नीट बघितलं आणि एकदम मऊ पडला. "तुमी अप्पांच्या ना? आवो, मला स्टेरिंग धरायला अप्पांनीच शिकवलं. अप्पा म्हनायचे, हारन वाजला की मानसानं खाली उतरायचं, गाडीनं न्हाई." मी म्हटलं, "अप्पा चुकीचं म्हणायचे." सगळ्या पोरांसमोर म्हटलं. तुम्ही असता तर मला तिथंच झापलं असतं, आणि मी तरीही म्हटलं असतं.

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, पण तुमचा आवाज त्या रस्त्यावर अजून आहे. ऊस वाहणारे, पाणी वाहणारे, चारा वाहणारे, सगळ्यांच्या तोंडात तुमचंच वाक्य. मला आठवतं, हंगामात तुम्ही फेरी टाकून जेवायला यायचा, अंगाला मळीचा वास, आणि चुलीपुढं बसून भाकरी कुस्करता कुस्करता कारखान्याचं कौतुक सांगायचा. कारखाना सहकारी आहे, कुण्या एकाच्या बापाचा न्हाई, समद्यांचा हाय. सभासदाची साखर दिवाळीला घरात आली की तुमची छाती फुगायची. एकदा मी मध्येच विचारलं, "कारखाना समद्यांचा, तर मग रस्ता कावून एकट्या गाडीवाल्यांचा?" आई तव्यावरून मान न वळवता हसली. तुम्ही नाही हसलात. "लई शानी झालीस. गप जेव," म्हणालात. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पोरांना मी तो प्रश्न दरवर्षी घालते.

पण खोटं कशाला बोलू, सायकलही तुम्हीच आणलीत. मी आठवीत गेले, हायस्कूल पलीकडच्या मोठ्या गावात, पाच किलोमीटर. सगळ्या गावानं आपापल्या पोरी घरी बसवल्या आणि तुम्ही नांदूरघाटच्या बाजारातून जुनी लेडीज सायकल ट्रॅक्टरवर टाकून आणलीत. पंक्चर काढायला मला तुम्ही स्वैपाकघरातच शिकवलंत. आईची परात घेतली, तिच्यात पाणी, पाण्यात ट्यूब, बुडबुडा कुठून येतो ते बघ म्हणालात. दुष्काळाचं साल, आडात तळ दिसत होता. आईनं काय थयथयाट केला! "पानी प्यायला न्हाई आन् बापलेक सायकलीला आंघोळ घालतेत!" ते काळं झालेलं पाणी तिनं शेवटी गोठ्याच्या दारात शिंपडलं, वाया जाऊ दिलं नाही. मी आजही पोरींना पंक्चर तसंच शिकवते, परातीत. तुमचं सगळंच मी टाकून दिलं असं समजू नका.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मात्र प्रेमानं केलंत, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. आपल्या गावाकडं येताना तो चढ आहे ना, ओढ्यानंतरचा, तिथं सायकल हातात धरूनच न्यावी लागायची. शाळा सुटायची आणि तुमची कारखान्याची फेरी एकाच वेळेला तिथं यायची. दोन ट्रॉल्या उसानं गच्च भरलेल्या, ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं चढणारा. तुम्ही दोनदा हॉर्न वाजवायचा. दोनदा म्हणजे धर. मी मागच्या ट्रॉलीची साखळी धरायची आणि पायडल न मारता चढ चढायची. माझ्या बापाचा ट्रॅक्टर मला ओढतोय! सगळी पोरं हेव्यानं बघायची. काही दिवसांनी माझी मैत्रीणही माझ्यासोबत यायला लागली, शेजारच्या घरातली, तिच्या भावाची दांडीची सायकल घेऊन. तिचे पाय जेमतेम पुरायचे. ती ट्रॉलीच्या बाजूचा दोर धरायची, मी तिच्या मागं साखळी. ती घाबरायची. "मी चालत येते, तू जा," म्हणायची. मी म्हणायची, "धर गं, काय होत न्हाई. अप्पा हायत."

आणि एक दिवस झालं. ती पडली, आतल्या बाजूला, आणि चाक तिच्या पावलावरून गेलं. तुम्ही ट्रॉल्या तिथंच सोडल्या, तिला मांडीवर घेतलं, आणि कुणाला तरी ट्रॅक्टर चालवायला लावून दवाखान्यात नेलं. ते तुम्ही केलंत, मी ते नाकारत नाही. पाऊल राहिलं, पण वाकडं राहिलं. चार दिवसांनी मारुतीच्या पारावर गाव बसलं आणि तुम्ही उभं राहून सांगितलंत, "पोरीनं हात सोडला." झालं. गावाला तेवढंच पाहिजे होतं. ट्रॉली धरू नका, असं कुणी म्हणालं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पोरींना बोलवू नये, असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. म्हणाले काय, तर पोरींनी सायकल चालवू नये. पोरींच्या हातात दम नसतो. तुम्ही घरी आलात, माझी सायकल उचललीत आणि माळवदावर नेऊन टाकलीत. गावातली पोरं मात्र दुसऱ्या दिवशीसुद्धा ट्रॉल्यांना लोंबकळत शाळेत गेली.

मी घरी बसले नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दहावीपर्यंत मी चालत गेले, एकटी, येऊन जाऊन दहा किलोमीटर. पाठीमागून येणाऱ्या गाडीचा आवाज आला की मी दर वेळी थांबून मागं वळायची, म्हणून मी बाजूच बदलली. पुस्तकात लिहिलंय डावीकडून चाला, मी उजवीकडून चालायला लागले, येणारी गाडी समोरून दिसावी म्हणून. लोक म्हणायचे, अप्पांची पोरगी उलटी हाय. असेना का! पुढं डी.एड. झाल्यावर ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी सांगितलं की जिथं चालायला वेगळी जागा नाही तिथं माणसानं उजवीकडूनच चालावं. मला इतका आनंद झाला की मी भर वर्गात हसले.

आता मी काय करते ते सांगते, पटलं नाही तरी ऐका. मैदानात चुन्यानं ट्रॅक्टर काढते, खऱ्या मापाचा, दोन्ही ट्रॉल्यांसकट. पोरं त्याच्या कडेनं चालत जातात आणि दमतात, तेव्हा त्यांना कळतं तो केवढा लांब आहे. आपल्याकडच्या पोरांची एक चूक ठरलेली. ट्रॅक्टर समोरून गेला की त्यांना वाटतं गाडी गेली, आणि ती पळत सुटतात, दुसरी ट्रॉली यायची असते तेव्हाच. म्हणून मी पाठ करून घेते: मुंडकं गेलं, पहिली गेली, दुसरी गेली, आता इकडं बघ, तिकडं बघ, मग चाल. ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही. सायकल असेल तर डावीकडून, एकामागं एक, ब्रेक आधी बघायचा, चपलेनं चाक दाबून थांबणाऱ्याची सायकल मी शाळेतच ठेवून घेते. आणि चढावर उतरायचं. सायकल हातात धरून चालायचं, त्यात लाज कसली! कुणी दोनदा हॉर्न वाजवला तर तोंड फिरवायचं, मग तो बाप का असेना. शाळा समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, पोरं शिकायला येतेत का ट्राफिक पोलीस व्हायला?" म्हटलं, "जिवंत आली तर शिकतील." त्यांचेच दोन टँकर आहेत. माझी बदली करायची भाषा करतात. करू देत. मी जाईन तिथंही रस्ता असेलच.

शाळा सुटल्यावर मी हायस्कूलला जाणाऱ्या पोरींनाही सायकल शिकवते. त्यांत माझ्या त्या मैत्रिणीची लेक आहे. यंदा आठवीत गेली. जूनपासून तिचा बाप मोटरसायकलवर सोडत होता, पण दसरा झाला की आई-बाप दोघंही टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार. घरी म्हाताऱ्या आजीजवळ राहायचं तर पोरीला शाळेत एकटीनं जावं लागणार. पोरगी चार दिवसांत सायकल शिकली. चढ आला की न सांगता उतरते, मागं वळून बघते, मग चालते. एवढी सावध पोर मी बघितली नाही. मागच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. मैत्रीण टोळीवर राहायच्या पालाचं कापड पसरून त्याला ठिगळ लावत बसली होती, वाकडा पाय एका बाजूला टाकून. टोळीत ती तोडायला उभी राहू शकत नाही, मोळ्या बांधते. मी म्हटलं, पोरीला ठेवून जा, मी आहे. ती मला आता 'बाई' म्हणते, अप्पा. लहानपणी झिंज्या ओढायची माझ्या.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमी शिकवलं, लई उपकार झाले. पन तिला संगं नेते. कोयता धरंल."

"आगं पण ती चांगली चालवते. माझ्याहून चांगली."

"तिचं न्हाई वो. माजं सांगते. माज्याच हातात दम नव्हता, म्हनून हात सुटला. मला तर काईच आठवत न्हाई, दोर आठवतो आन् मग दवाखाना. पन समद्या गावाला म्हाईत हाय. माजीच लेक ती. तिच्याबी हातात माजाच गुन उतरला असंल."

पोरगी उंबऱ्यात उभी होती. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती. मी उठले आणि घरी आले, आणि तेव्हापासून तुमच्यावर चिडतेय. पारावर तुम्ही बोललात ते एक वाक्य, त्यानं हिची शाळा तेव्हा गेली आणि आता लेकीची जाईल. आठवडाभर मी मनात तुमच्याशी भांडले. आज लिहायला बसले तेसुद्धा भांडायलाच.

पण अप्पा, तुम्हाला काय दिसणार होतं? तुमच्या पाठीमागं दोन भरलेल्या ट्रॉल्या होत्या. किंचाळी ऐकून तुम्ही धावत मागं आलात, तिला उचललंत, आणि मला विचारलंत, "काय झालं गं?" माझं पुढचं चाक खड्ड्यात गेलं होतं. तोल गेला. रिकाम्या हातानं मी हाताला लागेल ते धरलं, आणि हाताला लागला तिचा दंड. मी ओढलं तिला. मी सावरले आणि ती गेली खाली. तिनं दोर सोडला नव्हता, तो तिच्या मुठीतून सरकला तेव्हा तळहाताची सालटं निघाली होती, मी बघितलीत. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, "तिनं हात सोडला." तुम्ही लेकीवर विश्वास ठेवलात आणि तेच पारावर सांगितलंत. तुम्ही मरेपर्यंत मी ते दुरुस्त केलं नाही.

तरीही मी माघार घेत नाही. हॉर्न तुम्ही वाजवलात. सायकल तुम्ही वर टाकलीत, ट्रॉली धरणं बंद केलं नाहीत. ते तुमचं, आणि त्याबद्दल मी तुमच्याशी जन्मभर भांडेन. पण ते वाक्य माझं होतं. ते मलाच परत घ्यायला पाहिजे, आणि ते तुमच्यापुढं नाही, तिच्यापुढं. ती मला हाकलेल, कदाचित तोंड बघणार नाही, आणि त्या रागात पोरीला नेईलही. तरी तिला कळलं पाहिजे की तिच्या हातात काही खोट नव्हती, आणि पोरीलाही कळलं पाहिजे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, माझ्या कपाटात राहील. तुम्हाला लिहायला सोपं जातं, तुम्ही उलटून विचारत नाही. टोळी निघायला तीन दिवस उरलेत. आज मी दोनदा तिच्या दारावरून गेले. दुसऱ्यांदा ती बाहेरच बसली होती, "या की बाई, च्या घ्या," म्हणाली. मी म्हटलं, घाईत आहे.