लानवेरनच्या हॉलमध्ये वाचायचं पत्र

ऑल्डरकोट, श्रॉपशर
शनिवार, २ मे १९८७

प्रिय इद्रिस,

बऱ्याच दिवसांनी, म्हणजे खरं सांगायचं तर साडेआठ वर्षांनी, तुला लिहितो आहे. तू बरा असशील अशी आशा. माझं म्हणशील तर गुडघा कुरकुरतो आणि ऐकू कमी येतं. सभागृहात बसणाऱ्याला ते वरदानच. ऑनरच्या गुलाबांवर मावा पडलाय आणि त्याचा दोषही ती सरकारला देते, त्यामुळे घरात विरोधी पक्षाची उणीव नाही.

तुझी ओल्वेन गेल्याचं कळलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. दोनदा चार ओळी लिहिल्या आणि दोनदा फाडल्या.

बातमी अशी, की यंदा मी निवडणूक लढवत नाही. एकवीस वर्षं झाली, बास झालं. मतदारसंघातल्या बायकांनी निरोपाचा चहा केला. तीन केक, पाच भाषणं, आणि पाचही भाषणांत मी 'शब्दाचा पक्का माणूस'. मी केककडे बघत बसलो. शिवाय पंतप्रधानांच्या कचेरीतून पत्र आलंय, मला उमराव करायचं म्हणतात. लॉर्ड लँगरिश! ऑनर म्हणाली, लॉर्ड झालास तरी कचऱ्याचा डबा तूच बाहेर ठेवायचास. उत्तर अजून दिलेलं नाही. थकलोय, म्हणून राहिलं, असं मी तिला सांगतो. ते खरं नाही.

तुझी नेस्ट येऊन गेली. तुला तिने सांगितलं नसेल. तिच्यावर चिडू नकोस. शनिवारी मी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतो, तिथे ती सगळ्यांबरोबर रांगेत बसली. आधी गटाराची तक्रार, मग शेजाऱ्याच्या कुंपणाची, मग ती. चहा नको म्हणाली. तुझ्या लानवेरन गावातल्या सभेच्या हॉलमधून तुझा फोटो केव्हाच उतरवला, हे मला तिच्याकडून कळलं. ओल्वेनच्या शवपेटीला खांदा द्यायला गावातले सहा पुरुषही पुढे आले नाहीत, भाड्याच्या माणसांनी ती उचलली, हेही. मग ती म्हणाली, "बाबा मरेपर्यंत बोलणार नाहीत. तुम्ही बोलाल का, एवढंच विचारायला आले."

मी म्हणालो, बघतो. एकवीस वर्षांची सवय, दुसरं काय. ती उठली आणि गेली.

आता पुढचं मी तुझ्यासाठी लिहीत नाही. तुझ्या गावासाठी लिहितो आहे, हॉलमध्ये मोठ्याने वाचता येईल असं. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगतो, तेवढं सहन कर.

लानवेरनकरांनो, आमच्या संसदेत एक जुनी रीत आहे. मजूर पक्षाच्या एखाद्याला अडचणीमुळे घरी जायचं असेल, तर हुजूर पक्षातला एक जण त्याच्याशी जोडी लावतो. तू मत देऊ नकोस, मीही देत नाही. हिशेब बरोबरीत सुटतो. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. तुमचा तेव्हाचा खासदार, मजूर पक्षाचा इद्रिस प्यू, आणि हुजूर पक्षाचा मी बारा वर्षं असे जोडीदार होतो. सभागृहात एकमेकांची सालटी काढायची आणि नंतर एकत्र बसून मटण खायचं, असं आमचं चालायचं.

सोळा नोव्हेंबर १९७८. त्या संध्याकाळी सात वाजता तुमच्या पत्र्याच्या कारखान्याला मदत चालू ठेवण्यावर मतदान होतं. सकाळी इद्रिसने मला स्टेशनवरून फोन केला. ओल्वेनचं ऑपरेशन अचानक आजच ठरलंय, म्हणाला, ती एकटीच आहे. मी म्हणालो, "नीघ तू. मी आहे ना जोडीला." तो माझ्या शब्दावर गाडीत बसला.

सात वाजता मी मदतीविरुद्ध मत दिलं. तुमचा कारखाना एका मताने गेला. अकराशे माणसं घरी बसली, आणि इद्रिसने ऐन वेळी शेपूट घातलं असं तुम्ही धरून चाललात. पुढच्या निवडणुकीत तुम्ही त्याला तिकीटही दिलं नाही. त्याच रात्री त्याने जोडीचं सांगितलं होतं, तेव्हा त्याच्याच पक्षाने मला विचारलं. मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झाला असावा. खोटारडा तो ठरला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो ते नाक मुठीत धरून. आमचं सरकार येणार होतं, माझं मंत्रिपद जवळजवळ ठरलेलं होतं. प्रतोदाने मला धरून मत द्यायला लावलं, माझं काही चाललं नाही, असं मी सांगितलं. एक महिना गप्प राहा, मग मीच सगळं खुलं करतो, म्हणालो. तो ओल्वेनच्या खाटेपाशी बसला होता. म्हणाला, "तुझाही नाइलाजच झाला असणार, ऑब्रे." तेव्हापासून तो गप्प आहे. मला मंत्रिपद मिळालं. तो महिना कधी संपलाच नाही.

इद्रिस, इथवरचं तुला माहीत आहे. आता जे तुला माहीत नाही ते.

मला कुणीही धरलं नव्हतं. आमचा प्रतोद डेन्झिल सहा वाजता सभागृहाच्या लॉबीत भेटला. भला माणूस तो. यादी हातात होती, घाई होती. त्याने एवढंच विचारलं, "ऑब्रे, आज कुणाशी जोडीत आहेस का?" हो म्हणालो असतो तर तो माझ्या नावावर फुली मारून पुढे गेला असता. आवाजही चढवला नसता त्याने. मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, ते इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे. मोठं कारण सापडत नाही. त्याच्या यादीत आपलं नाव उपयोगाच्या माणसांत असावं, एवढंच वाटलं. लाज वाटते लिहिताना. तुला वर्षानुवर्षं माझी कीव करायला लावली, त्याची तर जास्तच.

ऑनरला हे सगळं काल सांगितलं. ती म्हणाली, त्याने माफ केलं तर तुला आवडेल, म्हणून लिहितोयस का? मी म्हणालो, असेलही. मग माफीची वाट बघू नकोस, म्हणाली.

तू दयाळू आहेस. हे पत्र तू गपचूप कपाटात ठेवशील याची मला खात्री आहे. म्हणून आज सकाळी याच्या तीन प्रती टपालात टाकल्या: एक लानवेरनच्या वर्तमानपत्राला, एक हॉलच्या चिटणीसांना, एक पंतप्रधानांच्या कचेरीला. तुझी प्रत सगळ्यांत शेवटी टाकतो आहे. आता तुलाही मला वाचवता येणार नाही.

वरच्या प्रत्येक शब्दाला एकटा जबाबदार,

ऑब्रे सेंट जॉन लँगरिश