पेटीत दोनदा दुपार

२ मार्च, रविवार
मुक्ताचा फोन. पुण्यात फ्लॅटचा ताबा मिळाला, पाडव्याला गृहप्रवेश. "दोघंही या, आईला एकटीला पाठवू नका," असं बजावून सांगितलं. लेकीकडे नेहमी सुनंदा एकटीच जाते, कारण आमच्या घरी समुद्र आहे. तीन फुटी काचेची पेटी, दोन नारिंगी मासे, पाच प्रवाळ, आणि दिवसातून चार वेळा बटणं दाबायला मी. सकाळी निळा दिवा, अकराला दुकानातून येऊन पांढरा, सहाला पांढरा बंद, आठला निळा बंद. दोन वर्षांत गोंदियाबाहेर एक मुक्काम नाही.
सु. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "या वेळी मी एकटी जाणार नाही. काय ते तुम्ही पाहा." आवाज शाळेतलाच, शांत. तिसरीची पोरं त्या आवाजाला का घाबरतात ते आज कळलं.

४ मार्च, मंगळ.
दुकानात मोटर न्यायला आलेल्या राइस मिलच्या मिस्त्रीला ही अडचण सांगितली. म्हणे, "भैया, टायमर लगा दो, छुट्टी." त्याला काय सांगू. टायमर खटकन लावतो, खटकन विझवतो. सूर्य असा उगवतो का? शिवाय दिवसातून तीनदा लाइट गेली की टायमर तेवढा मागे पडतो. आठवड्याभरात माझ्या माशांची पहाट संध्याकाळी झाली असती.
मी स्वतःच करणार. अठ्ठावीस वर्षं जळक्या मोटरींत तार भरतोय, एक दिवा हळूहळू वाढवता येणार नाही? घड्याळ असलेला छोटा बोर्ड मागवला. काडेपेटीएवढा येतो म्हणे.

७ मार्च, शुक्र.
बोर्ड आला. खरंच काडेपेटीएवढा. प्रोग्राम लिहिण्यात डोळे गेले. तीन ओळी लिहायच्या, पाच चुका काढायच्या.
बाबा दिवाणावरून बघत होते. दिवाण पेटीच्या बरोबर समोर. आई गेल्यावर दवनीवाड्याहून इथे आले, तेव्हापासून त्यांची जागा तीच. गावच्या तलावाचे ते तीस वर्षं पाणकर होते. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं, दार कधी बंद करायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. लहानपणी मी तलावाच्या पाळीवर डबा घेऊन जायचो तर माझ्याशीही बोलायचे नाहीत. पाणी सुटलेलं असताना पाणकराला कोणी सोयरा नसतो, म्हणायचे. सख्खा मामा बोंबलत आला तरी हात वर करून गप्प.
आता त्यांच्या वाट्याला नव्वद लिटर खारं पाणी उरलंय.

९ मार्च, रवि.
आज पेटीत पहिला आपोआप सूर्योदय. सु.ला हाताला धरून आणलं. निळा अगदी पुसट, मग थोडा, मग पांढऱ्याची चाहूल. मासे बिचकले नाहीत. मला छाती फुगवून उभं राहावंसं वाटलं, राहिलो.
बाबा खिडकीकडे बोट करून म्हणाले, "तुया सूर्य उशिरा उगवून राह्यला ना बाबू." बाहेर चांगलं फटफटलं होतं. मी सूर्योदयाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरातून घेतली होती. ती मुंबईची! आपल्याकडे अर्धा तास आधी उजाडतं. माशांना त्याचं सुखदुःख नाही, पण बाबांसमोर सूर्य उशिरा काढायचा म्हणजे नाक कापल्यासारखंच. दुरुस्त केलं.

११ मार्च, मंगळ.
अकराला घरी गेलो नाही! दोन वर्षांत पहिल्यांदा. दुकानातच डबा खाल्ला, वर समोसा, वर चहा. पांढरा दिवा तिकडे आपोआप लागला असणार, या विचारानेच पोट भरलं.
पुण्याची तिकिटं काढली. २८ची. दोन. सु.ने मोबाइलवर दोनदा पाहिली.

१२ मार्च, बुध.
संध्याकाळी घरी आलो तर बाबा म्हणाले, "आज पेटीत दोनदा दुपार झाली."
म्हटलं, "बाबा, तुमची झोप दोनदा झाली असेल."
ते परत पेटीकडे वळले.

१४ मार्च, धूळवड
गुलाल पेटीजवळ आणायचा नाही असा माझा हुकूम. पोरं आली, बाबांना टिळा लावून पळाली. संध्याकाळी रंग खेळून घरी आलो तर हातोडा अर्धाच उघडला होता.
हातोडा म्हणजे मुक्ताने पहिल्या पगारातून घेतलेलं प्रवाळ. टोकं हातोडीसारखी, हिरवीगार, पाण्यात डुलणारी. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात घालून रेल्वेत रात्रभर मांडीवर घेऊन आली होती. बाकी पेटी माझी, पण हातोडा तिचा.
बाबा: "आज तीनदा." मी ऐकून सोडून दिलं.

१६ मार्च, रवि.
हातोडा पांढुरका पडतोय. हिरवा गेला, मळकट दुधी उरला. मीठ मोजलं, तापमान मोजलं, पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या. सगळं ठीक. पंप आणि हीटर इन्व्हर्टरवर आहेत, लाइट गेली तरी चालतात. फक्त दिवाच इन्व्हर्टरवर नाही, बॅटरी खातो म्हणून. मग झालं काय?
रात्री जेवताना बाबा परत पेटीतल्या दुपारचंच बोलले. सु.ने माझ्याकडे पाहिलं. नंतर ओट्यापाशी हळूच म्हणाली, "यांना वेळेचं भान राहत नाही का आता?" गेल्या आठवड्यात चहा झालेला असताना परत मागितला, तेही तिने आठवून सांगितलं. मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाने तीस वर्षं सावली बघून पाणी वाटलं, त्याला दुपार कळेनाशी झाली? शेजारच्या काकू जेवण देणार आहेत, पण अशा अवस्थेत दहा दिवस एकटं ठेवायचं? फार वाईट वाटलं. हातोड्यापेक्षा जास्त.

१८ मार्च, मंगळ.
मुक्ता व्हिडिओवर. "हातोडा दाखवा ना." मी मासे दाखवले. परत म्हणाली. मग नेटवर्क खराब असल्याचं सोंग केलं. पन्नाशी उलटली आणि पोरीशी असं वागतो.
तिकिटं रद्द करावीत का? सु.ला विचारायची हिंमत नाही.

१९ मार्च, बुध.
हे नीट लिहून ठेवायला हवं.
साडेचारला मिस्त्रीचं बेअरिंग घ्यायला घरी आलो. चपला काढतोय तोच लाइट गेली. पाच मिनिटांत आली. आणि पेटीत भडक, पांढरीशुभ्र दुपार. फुल. साडेचारला तिथे ऊन उतरायला लागलेलं असायला हवं. हातोडा माझ्यासमोर मिटला.
बाबा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हे आजची चवथी."
चूक माझ्या हातची. आपल्या दुकानाची रीत, भरलेली मोटर पंखा जोडून तासभर फुल लोडवर चालवायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. तीच रीत मी प्रोग्राममध्ये घातली. चालू होताच तासभर फुल, नंतर घड्याळ बघ. माझ्या डोक्यात काय, तर एकदाच चालू करायचंय. पण इथे रोज, मी दुकानात असताना, तीन-चार वेळा लाइट जाते, आणि दर वेळी बोर्ड नव्याने चालू होतो! म्हणजे दर वेळी तासभर कडक ऊन. आणि मी दुकानात समोसे खातोय.
बाबांनी दिवाणाखालून वाटी काढली. तिच्यात चिंचोके. एकेका दुपारचा एकेक. गावात पाण्याच्या पाळ्या असेच मोजायचे ते. मी मोजले नाहीत, बघवलं नाही.
तासभर फुलचं सांगितलं आणि "बाबा, चुकलो," म्हटलं. "तुमचं ऐकलं नाही."
"मोटर आहे का ते, फुल लोड द्याले?"
बस, एवढंच बोलले. मग हातोड्याजवळ वाकून बराच वेळ पाहिलं. रोप उपटून रोवणी झाली की धानही चार दिवस पिवळा पडतो, पाणी हलवायचं नाही, ऊन कमी द्यायचं आणि वाट बघायची, असं त्यांचं म्हणणं. प्रवाळाची पुस्तकंही वेगळं काय सांगतात?
सु. शाळेतून आल्यावर सांगितलं. ती सरळ बाबांसाठी चहा ठेवायला गेली. दुसऱ्यांदा. कोणी मागितला नव्हता.

२१ मार्च, शुक्र.
प्रोग्राम बदलला. चालू झाला की आधी घड्याळ बघणार, मग हळूहळू तिथपर्यंत जाणार. पांढरा सध्या तिसरा हिस्साच, रोज किंचित वाढवणार. बोर्ड आता मोबाइलवर निरोपही पाठवतो. मी मुद्दाम मेन स्विच दहा वेळा पाडून पाहिला. दहाही वेळा बरोबर. बाबांनी चिंचोके हातात तयार ठेवले होते, एकही वाटीत पडला नाही.
मुक्ताला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबांना विचारा, जगेल का." बाबा म्हणाले, "मी का देव आहो का?" पण फोन ठेवल्यावर परत जाऊन पाहून आले.

२३ मार्च, रवि.
बाबांची मागणी. सगळं आपोआप होऊ दे, पण बंद करायचं बटण दिवाणाजवळ पाहिजे. म्हटलं, आता चूक होणार नाही. तर म्हणाले, "चूक नाही होत तं बटनानं काय बिघडते तुयं?"
सु. लगेच त्यांच्या बाजूने. "लावून द्या. मशीन तुमचं, पहारा त्यांचा."
पांढऱ्या दिव्याच्या लाइनवर एक बटण दिलं. दाबलं की पांढरा बंद, निळा चालू, आणि बोर्डाचा मला निरोप. माझ्या इतक्या मेहनतीच्या सूर्योदयावर एका माणसाचं बोट! थोडं लागलं मनाला, नाही कशाला म्हणू.

२६ मार्च, बुध.
हातोड्याच्या बुडाशी तपकिरी छटा दिसते. सु. म्हणते, दिसत नाही, तुम्हाला दिसावीशी वाटते. बाबांना विचारलं. "पाहून राह्यलो," एवढंच.
टोकं अजून मिटलेली.

२८ मार्च, शुक्र. गाडीत
निघताना बाबांना सगळं परत समजावलं. सु. म्हणाली, चौथ्यांदा झालं, चला आता. पाया पडू देतानाही बाबांची नजर पेटीवरच.
नागपूर यायच्या आत मोबाइल सहादा पाहिला. सु.ने शेवटी तो पर्समध्ये टाकला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. असा प्रवास किती वर्षांनी.

३० मार्च, पाडवा. पुणे
गुढी सातव्या मजल्याच्या गॅलरीत. मुक्ताने घर नीट लावलंय. हॉलच्या एका कोपऱ्यात काहीच ठेवलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, हातोड्याचा तुकडा फुटून वाढला की मला द्यायचा, त्याची जागा. मान हलवली.
पूजा सुरू असताना निरोप आला. पांढरा बंद, दु. १२.१०. भर दुपारी! लाइट गेली असती तर बोर्डच बंद पडला असता, निरोप आला नसता. म्हणजे बटण बाबांनीच दाबलं. काय पाहिलं असेल त्यांनी? जास्त मिटला? की उघडायला लागला म्हणून सावली दिली? भटजी मंत्र म्हणतायत आणि माझ्या हातातल्या अक्षता तशाच.
आटोपल्याबरोबर गॅलरीत येऊन फोन लावला. बराच वेळ वाजला. मागे सु. आणि मुक्ता दोघी येऊन उभ्या. स्पीकरवर टाकला.
"बाबा, पांढरा काऊन बंद केला? काय झालं?"
"पाण्यावर आहो. मंग बोलू."
फोन ठेवला.
मुक्ता आधी हसली, मग सु., मग मीही. पोटच्या पोरालाही हात वर करून गप्प. परत लावला नाही. पानं वाढली होती, जाऊन बसलो. श्रीखंड दोन वेळा घेतलं.
आता पाच वाजलेत. फोन शेजारीच ठेवलाय. पांढरा अजून बंदच आहे.