देवासच्या मशीनची खडखड

नाना, पत्र लिहायला फार उशीर केला, माफ करा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्या तेव्हाच्या वयाचा आहे. माझी शाळा सातवीपर्यंतची, तीही हिंदीतली, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो. चुका पोटात घाला. काल तुमची लेक देवासहून धारला एका लग्नाला आली होती, जाताना माझ्याकडे डोकावली. चहा पिता पिता तिनं विचारलं, "दादा, बाबांचे कान खरंच गेले होते का हो? गल्लीच्या टोकाला दूधवाल्याची सायकल आली की ते आतून पातेलं मागायचे. आणि तरी शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझ्या कानांवर विसंबू नका." मी म्हणालो, वय झालं होतं त्यांचं. ती बस धरायला निघून गेली आणि आज मी हे पत्र लिहायला बसलो.

तो दिवस देवासच्या डेअरीचा, मी तुमच्या हाताखाली थंड खोल्यांच्या मशीन बसवायचो तेव्हाचा. श्रीखंडासाठी नवी थंड खोली बांधली होती आणि तिला पिस्टनऐवजी स्क्रोल कॉम्प्रेसर बसवायचा होता. आपण दोघंही असली मशीन पहिल्यांदाच चालू करणार होतो. एकीत एक अडकवलेल्या दोन चकल्या, एक स्थिर आणि दुसरी तिच्यात घुमणारी, असं मी तुम्हाला समजावलं, कारण कंपनीच्या माणसाकडे दोन दिवस शिकून मी आलो होतो. त्यानं सांगितलं होतं की ही मशीन सुरू होताना क्षणभर खडखडते, त्याला घाबरायचं नाही. आणि हेही सांगितलं होतं की तिन्ही फेजच्या तारा क्रमानंच जोडायच्या, नाहीतर ती उलटी फिरते, नुसता आवाज करते, थंडावा देत नाही. पहिलं माझ्या लक्षात राहिलं. पिस्टनच्या मशीनला तिन्ही तारा कशाही जोडल्या तरी चालायचं, आणि हाताला तीच सवय होती. तुम्ही तर डेअरीच्या मालकाला सकाळीच सांगून टाकलं होतंत की तारांचं काम याचं, मी बघायलाही जात नाही.

मी स्विच दाबतो आणि मशीन खडखडायला लागते, डब्यात खिळे हलवावेत तशी. तुम्ही म्हणता, "बंद कर. हा आवाज बरा नाही." मी म्हणतो, नाना, ही जातच वेगळी, सुरुवातीला खडखडतेच. "एवढी? तारा बघितल्यास ना?" मी हो म्हणतो. बघितलेल्या नसतात. तू शिकून आलायस बाबा, असं म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जाता. आवाज थांबत नाही. मी कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाइपला हात लावतो. एव्हाना तो गार पडायला हवा, पण तो भिंतीसारखाच कोमट. मेन बंद करून मी दोन तारांची अदलाबदल करतो, जरा थांबतो, पुन्हा स्विच दाबतो. एकदा टक् होतं आणि मशीन शांतपणे घुमायला लागते.

तुम्ही परत आलात. पेचकसाचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाला लावलीत आणि बराच वेळ ऐकत राहिलात. मग मला विचारलंत, "खडखड कधी थांबली?"

"लगेच, नाना. तुम्ही दाराबाहेर पडायच्या आधीच."

"मला तर टपरीवर कप हातात येईपर्यंत ऐकू येत होती," तुम्ही म्हणालात, आणि करंगळी कानात घालून हलवलीत. तेवढ्यात पुढच्या दुकानातून मालक आला. नानांना आवाज जरा जास्त वाटला, असं मीच त्याला सांगितलं. "नानासाब, मशीन तो बढ़िया चल री है, अब कान की सर्विस करवा लो," तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. धारच्या बसमध्ये तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, "बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस. चांगली मशीन मी बंद करायला लावली असती."

त्यानंतर तुम्ही एकाही मशीनला हात लावला नाहीत. कोणी बोलवायला आलं की त्याला माझं घर दाखवायचात.

हल्ली या मशीन लोहारद्यासारख्या लहान गावापर्यंत पोचल्या आहेत. मी तारा तीन तीनदा तपासतो, मग पाइप गार पडेपर्यंत तो धरून उभा राहतो. एकदा खातेगांवहून सुटलेली बस थांबवून मागे चालत गेलो. तारा बरोबरच होत्या. घरचे हसतात. त्यांना वाटतं वयामुळे होतं.

तुमचे कान शाबूत होते, नाना. एवढं एक वाक्य मला काल तुमच्या लेकीला सांगता आलं नाही. सांगितलं तर ती विचारेल की बाबा जिवंत होते तोवर का गप्प बसलात, आणि बहुतेक माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. नाही सांगितलं तर ती आपल्या नातवंडांनाही हेच सांगेल की पणजोबांचे कान गेले होते. ती रविवारी लग्नातलं सामान न्यायला पुन्हा येते आहे. सांगू का? हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमचं उत्तर यायचं नाही, एवढं मलाही कळतं. पण तुमचा निरोप येईपर्यंत गप्प राहावं असं मनाशी म्हटलं की मला हायसं वाटतं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. म्हणून म्हणतो, रविवारच्या आत कळवा.