बगळ्याचे दोन फोटो

अहो,

मी ताईकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

फोटोग्राफी क्लबातल्या त्या बाईंच्या सांगण्यावरून तुम्ही बगळ्याच्या फोटोचं कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग इतकं वाढवलंत, की पिसांच्या तारा झाल्यात. वर म्हणालात, "बाईंची नजर काय तयार आहे!" आपल्या डार्करूममध्ये फोटो छापताना पंखाखालची पिसं काळी पडू नयेत म्हणून कागदावर पडणाऱ्या उजेडात हात आडवा धरून मी उभी असायचे, तेव्हा नजर कुणाची होती?

मी कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग दोन्ही कमी करून दुसरा फोटो तुमच्या फोटोशेजारीच ठेवलाय. प्रदर्शनाला एकच जाणार. तुम्ही निवडत असताना तिथे बसून राहणं मला जमणार नाही. पाठवून झाला की फोन करा. कुठला पाठवलात ते मी विचारणार नाही, तुम्हीच सांगा.