साडूच्या अंगणातून गेलेली वाट

मु. करंजकोंड, ता. पोलादपूर

श्रीयुत मालोजीराव यांना महिपतीचा रामराम.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. प्रयागबाईंचा दमा थंडीत वर येतो, तेव्हा त्यांना सकाळी चुलीच्या धुरात बसू देऊ नका. (हे मी माझ्या मनाने लिहीत नाही, आमच्या घरात दर हिवाळ्यात हाच विषय असतो.) तुमच्या वाडीत फोनला रेंज नाही आणि आमच्याकडे असून नसल्यासारखी, म्हणून पत्र लिहितो आहे. आपलं बोलणं बंद असताना लिहायचं कसं, असा मला प्रश्न पडला होता. पण बंद आहे ते बोलणं, लिहिण्याचं आपलं तसं काही ठरलं नव्हतं. मुद्दा एवढाच, की माझी बायको आवडी आठवडाभर तुमच्या घरी आहे आणि ती परत यावी. ती तिथे कशी पोचली याची हकीकत तिने तुम्हाला तिच्या पद्धतीने सांगितली असणार. आता माझी बाजूही ऐकून घ्या.

दिवाळी झाल्यावर पुण्याची काही मंडळी आमच्याकडे आली. त्यांच्या पुढारी प्रियदर्शिनी मॅडम. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, पण रविवारी दात सोडून डोंगरात पळतात. धरणाच्या भोवती जंगलातून पळायची शर्यत भरवायची आहे, वाटा माहीत असलेला माणूस पाहिजे, असं त्यांनी सरपंचांना विचारलं. सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. महाडच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून मी रोज जंगलात हिंडतो हे गावाला ठाऊक आहे (घरात बसलं की आवडी काम सांगते, हेही ठाऊक आहे). ही माणसं कशी पळतात ते तुम्ही पाहिलंच. मागे कोणी लागलेलं नाही, पुढे एसटी सुटत नाही, तरी जिवाच्या आकांताने पळतात आणि पोचल्यावर एकमेकांना मिठ्या मारतात. मला आधी हसू आलं. पण मॅडमनी माझ्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली, आणि मालोजीराव, बायको-मुलांनी कधी न डोलावलेली मान पुण्याच्या डॉक्टरने डोलावली की माणूस फुगतो. मी फुगलो.

मी त्यांना तीन वाटा आखून दिल्या. लहान वाट धरणाच्या भिंतीवरून देवराईपर्यंत आणि परत. ती पोराबाळांना आणि पोट सुटलेल्यांना. मधली ओढ्याओढ्याने, कारवीच्या रानातून. आणि मोठी म्हणजे पाण्याला पूर्ण वळसा. आता हा वळसा सरळ घेतला तर वाट तुमच्या वाडीतून जाते, वाडीत म्हणजे नेमकी तुमच्या अंगणातून. ते मला चालण्यासारखं नव्हतं. मेहुण्याच्या पोरीच्या लग्नात मांडवात मानाचे टॉवेल-टोपी आधी तुम्हाला दिले आणि मग मला, हे मी विसरलेलो नाही. आवडीच्या मोठ्या बहिणीचे यजमान म्हणून नात्याने तुम्ही मोठे असाल, पण वयाने मी मोठा आहे, आणि मांडवात नातं नाही दिसत, पांढरे केस दिसतात. (तुम्ही केस काळे करता हा आणखी वेगळा मुद्दा.) त्या दिवसापासून मी तुमच्या अंगणात पाऊल टाकलेलं नाही. तेव्हा मी मंडळींना ओढ्यापासून डावीकडे वळवलं, वर कातळापर्यंत चढवलं आणि तुमच्या वाडीच्या डोक्यावरून पलीकडे उतरवलं. चढ छातीवर येणारा आहे. गुरंसुद्धा जात नाहीत. मॅडम वर पोचून खाली बसल्या आणि म्हणाल्या की असा चढ त्या कधीपासून शोधत होत्या. त्यांनी नकाशात त्याला ‘महिपतीचा चढ’ असं नाव देऊन टाकलं. माझ्या रागाचं असं चीज होईल असं मला वाटलं नव्हतं.

पण इथेच घोटाळा झाला. पळणाऱ्यांना अर्ध्या वाटेवर लिंबूपाणी, संत्री आणि उकडलेले बटाटे लागतात, आणि ते घेऊन टेम्पो पोचेल अशी पलीकडे एकच जागा आहे, ती म्हणजे तुमची वाडी. म्हणजे चढ चढायचा, कातळ ओलांडायचा आणि पुन्हा खाली तुमच्याच अंगणात उतरायचं. मी दुसरी जागा सुचवून पाहिली. मॅडमनी कारण विचारलं. टॉवेल-टोपीचं कारण दातांच्या डॉक्टरला काय सांगणार?

नकाशा छापून आला तो मी कौतुकाने घरी भिंतीला लावला. आवडी भाकरी थापत होती. तिने हात धुतले, जवळ येऊन पाहिलं आणि बोटाने आमचं घर, धरण आणि तुमची वाडी अशी रेघ ओढली. मी तिला आजवर काय काय सांगितलं होतं ते तुम्हालाही कळलंच असेल. धरण भरल्यापासून जुनी वाट पाण्याखाली गेली, हे खरंच आहे. नवी वाट पावसाळ्यात जळवांमुळे बंद, हिवाळ्यात बिबट्यामुळे बंद, उन्हाळ्यात गाळामुळे बंद, हे थोडं वाढवून सांगितलेलं होतं. रस्त्याने यायचं तर पोलादपूरला उतरा, आंबेनळीकडची गाडी धरा, फाट्यावर उतरून चढा. त्यात दिवस जातो आणि म्हैस कोण बघणार, असंही मी म्हणत आलो. आवडीने सगळं ऐकून घेतलेलं होतं. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, “इतकी वर्सं तुमाला ही वाट गावत नव्हती, नि पुण्याच्या मानसांना एका सकाळीत गावली?”

मी बिबट्या अलीकडेच गेल्याचं सांगितलं. ती परत भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमकडे जाऊन मोठ्या वाटेसाठी आपलं नाव नोंदवलं. शर्यतीच्या दिवशी ती वाट फक्त नंबर लावलेल्यांसाठी खुली होती, म्हणून तिने नऊवारीच्या पदराला नंबर टाचून घेतला, पायात माझे कॅनव्हासचे बूट घातले आणि हातात बहिणीसाठी वालाच्या शेंगांची पिशवी घेतली. गावाने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, कारण ती ओढ्यापासून परत येईल अशी माझी खात्री होती.

ती महिपतीच्या चढाच्या वाटेलाच गेली नाही. वाटेच्या खुणेला बांधलेल्या रिबिनी डावीकडे वर जात होत्या, ती नाकासमोर सरळ तुमच्या अंगणात. टेम्पोवाला मुजम्मिल (माझा कंपनीतला जुना शिफ्टमधला सोबती) तिथे संत्री कापत होता. त्याने मागाहून सांगितलं की भाभी पुण्याच्या पहिल्या नंबराच्या कितीतरी आधी पोचल्या, संत्र्यांच्या टेबलामागच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या, आणि भाभी कोणाकडे न बघता घरात शिरल्या आणि दोघी बहिणी रडत बसल्या.

इकडे संध्याकाळ झाली. सगळे आले, एक नंबर आला नाही. मॅडमचा चेहरा उतरला. जंगलात माणसं पाठवायची तयारी झाली, दोर निघाले, बॅटऱ्या निघाल्या. ती कुठे असणार ते मी ओळखलं होतं, पण सांगायचं कसं? शेवटी मॅडमनी भोंग्यावरून विचारलं की या नंबराचे कोणी नातेवाईक आहेत का. मला भोंगा हातात घ्यावा लागला. बायको हरवलेली नाही, साडूकडे बसली आहे, असं मी सगळ्या तालुक्याला आणि अर्ध्या पुण्याला सांगितलं. लोक हसले. तेवढ्यात मुजम्मिलचा टेम्पो आला. त्याने तिला बसा म्हटलं होतं, ती बसली नव्हती. तिने निरोप दिला होता: “त्यांना सांगा, वाट त्यांनीच दाखवली. न्यायला पन त्यांनीच यावं.”

तर अशी हकीकत आहे. मी काही तिला अडकवून ठेवली नव्हती, हे तुम्हाला आता पटेल. म्हैस मला धार काढू देत नाही. भात रोज खाली लागतो. या गोष्टी मी कशाबशा चालवून घेतल्या असत्या, पण घरात बोलायला कोणी नाही आणि संध्याकाळी घर खायला उठतं. मला करमत नाही, मालोजीराव. मी स्वतः तिकडे येणं शक्य नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुम्हीच घरातला मोठा माणूस म्हणून (नात्याने) तिला समजावून पाठवून द्यावं.

प्रयागबाईंना नमस्कार.

आपला,
महिपती

ता. क. शर्यत पुरी करणाऱ्यांना पदक मिळालं. आवडी शर्यतीच्या शेवटच्या कमानीतून परत आली नाही, त्यामुळे मॅडमच्या हिशेबी ती अजून वाटेवरच आहे. तिचं पदक त्यांनी माझ्याकडे ठेवलं आहे, आल्यावर गळ्यात घालायला.

ता. क. पुढच्या वर्षी तो चढ काढून वाट सरळ करू या, असं मी मॅडमना सुचवलं. त्या नाही म्हणाल्या. पुण्याच्या लोकांना तोच सगळ्यात आवडला. तेव्हा माझा राग आता नकाशात कायमचा राहणार, त्याला माझा इलाज नाही.

ता. क. हे पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षराला हसू नका. पोस्टाने पत्र पोलादपूरला जाणार आणि तिथून तुमच्याकडे कधी येणार देव जाणे, म्हणून हातानेच आणलं. सध्या तुमच्या अंगणाच्या वरच्या बांधावर बसलो आहे. तुमची सून डोक्यावर पाटी घेऊन इकडून गेली. तिच्या लग्नाला मी आलो नव्हतो, त्यामुळे ती मला ओळखत नाही. कोण कुठले विचारलं नाही, पाणी हवंय का बाबा, म्हणाली. फार चांगली मुलगी आहे. ती परतताना पत्र तिच्याच हाती देतो. बोलावल्याशिवाय खाली उतरणं बरं दिसत नाही, तेव्हा कोणाला तरी वर पाठवा. आवडी आली तरी चालेल.