सात नंबरच्या लेनवरचं तेल

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, बोलिंग हॉलमध्ये लेनच्या लांबलचक लाकडी पट्ट्यांवर तेल घालण्याचं काम चौतीस वर्षं करत असलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने लिहीत आहे. 'स्वखुशीने' हा शब्द वकीलबाईंनी घालायला लावला. डॉक्टरांनी महिने मोजून सांगितले, मी मान डोलावली आणि येताना दूध घेऊन आलो.

१. राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. आज करतो, उद्या करतो म्हणत तीन वर्षं राहिला. तिची आई म्हणायची, "तुमचं सगळं तेल त्या लेनवर. घरात आपले कोरडे ठणठणीत." ती गेली तेव्हाही मला रडू आलं नाही. मुलीने ते मनाला लावून घेऊ नये.

२. शिडी मॅनेजरला देऊ नये. त्याने दोनदा मागितली आहे.

३. घासकागद, पॉलिश आणि बॉलला भोकं पाडायचं यंत्र पिना उभ्या करणाऱ्या मशीनवरच्या बुटक्याला. तो विसरतो म्हणून पुन्हा लिहितो: तेल भरपूर असेल तर खरखरीत बॉल, तोच पकड घेऊन वळतो. तेल कमी असेल तर चकचकीत, कारण खरखरीत तिथे फार लवकर वळतो.

४. धाकटा भाऊ. आमचं एकोणीस वर्षं बोलणं नाही. अंतिम सामन्याच्या सकाळी त्याने विचारलं, "दादा, तेल कसंय?" मी म्हणालो, "कमी आहे. चकचकीत घे." तेव्हा ते खरं होतं. दुपारी मॅनेजरने पुन्हा तेल घालायला लावलं, भरपूर. किती तेल घातलं त्याचा नवा तक्ता मी नियमाप्रमाणे फळ्यावर लावला. सगळ्यांनी वाचला. भाऊ फळा कधीच वाचायचा नाही, माझ्या शब्दावर खेळायचा. हे मला ठाऊक होतं. तो दहा पावलांवर बुटाच्या नाड्या बांधत होता. मी गेलो नाही.

आई त्या दिवशी पहिल्यांदाच हॉलमध्ये आली होती, त्याला बघायला. मी तिथे पंधरा वर्षं राबत होतो. माझ्या पोटात दुखलं. एवढंच कारण.

सात नंबरच्या लेनवर त्याचा बॉल घसरत सरळ गेला, एकदाही वळला नाही. सामना गेला. "दादा, तू मला खोटं सांगितलंस?" मी फळ्याकडे बोट दाखवलं. त्या बोटाबद्दल मी माफी मागतो. आई गेली तेव्हाही आम्ही दोघं दोन टोकांना उभे होतो.

आपला खरखरीत बॉल त्याने त्या दिवशी कचऱ्यात टाकला. मी तो उचलून आणला आणि दर वर्षी घासून ठेवला. पलंगाखाली आहे. भोकं त्याच्या बोटांच्या मापाची, दुसऱ्या कुणाच्या कामाची नाहीत. तो त्याला द्यावा. बुटक्याने सात नंबरवर एकदा त्या दुपारी होतं तितकं तेल घालावं, आणि फळ्यावर काही न लावता त्याच्याजवळ चालत जाऊन तोंडाने सांगावं, "तेल भरपूर आहे. दादाने सांगितलंय."

ज्याला काही द्यायचं, तो साक्षीदार चालत नाही, असं वकीलबाई म्हणतात. नाहीतर सहीच्या निमित्ताने तरी त्याला बोलावलं असतं.

सही: (केली)
साक्षीदार १: बूट काउंटरवरच्या काकू (सही)
साक्षीदार २: शेजारचे शिंपी (सही)
ठिकाण: हॉलची मागची खोली
दिनांक: १४ मार्च, हॉल बंद असण्याचा वार