न पाहिलेल्या गावांची चित्रं

मी, सौ. नवसाबाई देवराम विधाते, वय वर्षे एकोणसत्तर, व्यवसाय फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे सोडले तर शरीरही बरं आहे. कुणी भरीस घातलं म्हणून लिहीत नाही. उलट घरात सगळे "एवढ्यात कशाला?" असंच म्हणाले. वकीलबाईंनी मसुदा टाइप करून दिला होता, पण त्यात मी कुठे दिसेना, म्हणून पुन्हा लिहायला बसले. कायद्याला लागतं ते त्यांनी तपासलं आहे.

१. मखमलाबाद शिवारातली आठ गुंठे जमीन व तीन खोल्यांचं घर माझ्या वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिलं. माझ्या मागे ते माझे पती देवराम यांनी हयातभर वापरावं, त्यांच्यानंतर आमची एकुलती मुलगी रूपाली हिच्याकडे जावं. तिने हवं तर घर पाडून नवं बांधावं. बाग मोडून दुकानांचे गाळे मात्र काढू नयेत. बँकेतली ठेव आणि सोन्याच्या पाटल्याही रूपालीच्याच.

२. माझी सव्वीस चित्रं आहेत. त्यातलं एकही गाव मी पाहून काढलेलं नाही. हे एकतीस वर्षं लासलगावहून कांद्याचा ट्रक घेऊन देशभर फिरले. खेपेहून आले की चहा घेत सगळं सांगायचे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एखादी फांदी नाहीतर कंद माझ्या हातात ठेवायचे. मी ते लावायचे. फूल आलं की चित्र काढायचे. गाव यांच्या तोंडून यायचं, फूल बागेतून. म्हणून कोचीच्या चित्रात नावेपेक्षा जास्वंद मोठी आहे. नाव मी पाहिली नव्हती, जास्वंद रोज बघत होते. ते चित्र बघून हे म्हणाले, "समुद्र एवढा निळा नव्हता गं. दूध कमी पडलेल्या चहासारखा होता." मी काही बदल केला नाही.

कोचीचं हे चित्र शेजारच्या मंगलाबाईंना द्यावं. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेऊ नये. मंगलाबाईंनी जरासुद्धा विचार न करता सही सोडली आणि चित्र घेतलं.

३. धाकटे दीर संतोष यांनी २०११ साली ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून सिलीगुडीहून आणलेल्या डेलियाच्या वाफ्यावर मुरूम टाकला. मला विचारलं नाही. वर म्हणाले, "वहिनी, फुलं काय, पुन्हा येतील." ती आली नाहीत. त्यांना माझ्याकडून काही नाही. पण कोपऱ्यातल्या कुंडीत त्यातला एक कंद मी वाचवला होता, त्याचे आता बरेच झाले आहेत. त्यांनी मुरूम उचलला, तर रूपालीने त्यांना हवे तेवढे कंद द्यावेत आणि कसे लावायचे तेही सांगावं.

४. खुरपं, कात्री आणि झारी ओट्याखालीच असू द्यावी. यांना वस्तू सापडत नाहीत.

५. "काश्मीर" हे चित्र. खरं तर हे कलम लिहायचं म्हणूनच कागद हातात घेतला.

१९८८ च्या दसऱ्याच्या सुमारास आमचा मुलगा सातव्या महिन्यात पोटातच गेला. रूपाली तेव्हा सहा वर्षांची होती. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ताट ठेवलं तर दोन घास खायचे, नाहीतर नाही. त्यातच यांना श्रीनगरची खेप आली. यांना जायचं नव्हतं, पण गाडी मालकाची. निघताना खाटेवर बसून म्हणाले, "काश्मीरला चाललोय. सगळं बघून येतो आणि तुला सांगतो. तू नुसतं ऐक."

तीन आठवड्यांनी आले आणि रोज संध्याकाळी सांगू लागले. केशराची जांभळी शेतं, टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका, प्रत्येक फुलात तीन तांबडे धागे, मागे बर्फाचे डोंगर. चौथ्या दिवशी मी कूस बदलली. आठव्या दिवशी विचारलं, "जांभळं म्हणजे वांग्यासारखं की जांभळासारखं?" हे गडबडले. म्हणाले, "दोन्हीच्या मधलं." मी उठले, रूपालीची रंगपेटी घेतली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते शेत काढलं. आयुष्यातलं माझं पहिलं चित्र ते.

येताना यांनी "केशराचे कंद" आणले होते. माझ्या माहेरी वीस गुंठे निशिगंध असायचा. कंद हातात घेतला तेव्हाच कळलं. तरी लावले. पुढच्या पावसाळ्यात पांढरा निशिगंध फुलला. हे म्हणाले, "इकडची हवा मानवली नाय. रंग उडाला वाटतं." मी म्हटलं, "असेल."

मी विचारलं नाही. रूपालीच्या लग्नात यांचा जुना क्लीनर फकिरा आपणहून बोलला. "वहिनी, कसलं काश्मीर! पठाणकोटला गाडीचा अ‍ॅक्सल तुटला, माल दुसऱ्या गाडीत गेला. नऊ दिवस गाडीखाली झोपलो. पण देवरामभाऊ तिकडनं येणाऱ्या एकेका ड्रायव्हरला चहा पाजून विचारायचा, फुलं कशी असतात, बर्फ कसा दिसतो. मला म्हणायचा, तू पण ध्यानात ठेव, मी इसरलो तर."

गेल्या महिन्यात रूपाली म्हणाली, "तुम्हा दोघांना काश्मीरला नेते. बाबा, तुम्हीच आम्हाला दाखवा सगळं." त्या दिवसापासून यांचं जेवण गेलं. छातीत जळजळतं म्हणतात. डॉक्टर शेखर यांनी तपासलं, काही निघालं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा माणूस छत्तीस वर्षं हे मनात घेऊन फिरतो आहे, आणि मी आधी गेले तर एकटाच घेऊन बसेल.

म्हणून लिहून ठेवते की मला सगळं माहीत होतं. त्या खोट्याने मी खाटेवरून उठले, नाहीतर उठले नसते. "काश्मीर" हे चित्र माझ्या पतींना द्यावं. ते त्याबद्दल जे सांगतील ते घरातल्यांनी ऐकून घ्यावं, त्यांना कुणी दुरुस्त करू नये. बाकीची चोवीस चित्रं रूपालीची.

हे कलम सही करण्याआधी मी यांना वाचून दाखवलं. हे लसूण सोलत बसले होते. यांनी हातातली पाकळी सोलून सुपात टाकली. मग विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"कंद हातात दिलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही सांगायचं थांबला असता."

यांनी सूप बाजूला ठेवलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "रूपालीला फोन लाव. म्हणावं, काढ तिकिटं. आणि हेबी सांग, तुझ्या बापानं पण पाहिलेलं नाय."

६. आम्ही येत्या शनिवारी निघतो आहोत. तिथलं शेत वेगळं निघालं तर मी ते वेगळ्या कागदावर काढीन, आणि तो कागद ज्याला हवा त्याने घ्यावा. जुन्या चित्रातला रंग कुणी सुधारू नये, मीसुद्धा नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, यांनाही ऐकवला. साक्षीदारांसमक्ष राजीखुशीने सही करते.

(सही) नवसाबाई देवराम विधाते

साक्षीदार
१. (सही) फकिरा बहिरू गांगुर्डे, लासलगाव
२. (सही) डॉ. शेखर थेटे, मखमलाबाद

ठिकाण : मखमलाबाद, नाशिक
दिनांक : २२ ऑक्टोबर २०२४